साखर मोजायची की ओझे? मधुमेही स्त्रियांच्या ताणोपचाराची पार्श्वभूमी

दीर्घ दुःखातून मधुमेह जडतो, हे मत सतराव्या शतकातही मांडले गेले होते. ताण उतरवला तर साखर उतरते का, याची नीट तपासणी मात्र १९८०च्या आसपास सुरू झाली. तंत्र आधीचेच होते, स्नायूंच्या शिथिलीकरणाचे : एकेक स्नायुगट पाच-सात सेकंद आवळायचा, मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचा. टाइप २ मधुमेहात, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्या प्रकारात, काही रुग्णांना फायदा दिसला. टाइप १मध्ये, म्हणजे शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळपास बनवतच नाही त्या प्रकारात, ताणाने कुणाची साखर चढते, कुणाची उतरते; त्यामुळे तिथले निष्कर्ष कधीच जुळले नाहीत. २००२ साली टाइप २च्या एका चाचणीत पाच गटसत्रांनंतर वर्षभराने एचबीए१सीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सुमारे ०.५ टक्के घट नोंदली गेली आणि एचबीए१सीचा आकडाच यशाची कसोटी ठरला.

वाद आहे तो याच कसोटीवर. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटा चढू शकतो, तर गरोदरपणात किंवा मोठ्या रक्तस्रावानंतर तो खोटा उतरतो. म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा एकटा धरणे मुळातच कच्चे. शिवाय साखर तीच राहूनही रोजच्या टोचण्या, मोजमाप आणि अपराधीपणाचे ओझे हलके होऊ शकते. तेही उपचाराचे यशच आहे. हे ओझे मोजणारी २० प्रश्नांची प्रश्नावली १९९५मध्ये आली : प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, बेरीज गुणिले १.२५, आणि ४० किंवा अधिक गुण म्हणजे गंभीर ओझे. हे ओझे आणि नैराश्य एक नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की नैराश्याची गोळी सुरू होते, पण इन्शुलिनची अडचण तशीच राहते.

स्त्रियांचे वेगळे प्रश्न ताणोपचाराच्या सत्रांत उशिरा आले. वजन वाढेल या भीतीने काही मुली इन्शुलिनचा डोस गाळतात. ओरडून ते थांबत नाही, न रागावता थेट विचारावे लागते. काहींची साखर पाळीच्या आधीच्या दिवसांत चढते, म्हणून ताणाच्या नोंदवहीत पाळीच्या तारखाही हव्यात, नाहीतर दोष उगाच ताणावर जातो. रजोनिवृत्तीतली गरम लाट, घबराट आणि साखर उतरणे, तिन्हींत घाम आणि धडधड असते. त्यामुळे इन्शुलिन किंवा साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शिथिलीकरणाआधी ग्लुकोमीटर लावायचा. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि साखर वर आल्यावरच डोळे मिटायचे.