मेगर चांगला दाखवतो, तरी मोटर जळते : वाइंडिंगमधले दोष शोधण्याची पार्श्वभूमी

मोटर तपासायची म्हणजे आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण, तिच्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) लावायचा, हे रिवाइंडिंगच्या दुकानात ठरलेलं आहे. रीडिंग चांगलं आलं की ‘वाइंडिंग ठीक’ असा निकाल. हा निकाल अर्धाच असतो, आणि त्याचं कारण उपकरणाच्या जन्मातच आहे.

इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी 1889 मध्ये इन्सुलेशन तपासण्याचं सहज नेता येईल असं उपकरण आणलं. ‘मेगर’ हे नाव 1903 मध्ये नोंदवलं गेलं. दांडी फिरवली की आतलं छोटं जनित्र काहीशे व्होल्टचा डीसी दाब देतं. काट्याला स्प्रिंग नाही, दोन कॉइल्सच्या ओढाताणीत तो स्थिरावतो. त्यामुळे दांडी जरा हळू-जलद फिरली तरी रीडिंग फारसं हलत नाही. कल्पना इतकी नेटकी की मूळ तत्त्व आजही तेच आहे. पण मेगर मोजतो तो तांबं आणि बॉडी यांच्यामधला रोध. ओल आली, इन्सुलेशन फाटून वाइंडिंग बॉडीला लागली, तर तो लगेच सांगतो. एकाच कॉइलमधले शेजारचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, तर त्याला पत्ताही लागत नाही.

मोठ्या जनित्रांच्या संरक्षणातही हीच गफलत राहिली. 1904 मध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी जी योजना मांडली, ती फेजच्या दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहते. आत गेलेला प्रवाह तेवढाच बाहेर आला नाही, की रिले (दोष दिसताच आपोआप चालणारा स्विच) मशीन बंद करते. वेढ्यात शॉर्ट झाला तरी आत-बाहेरचा हिशेब जुळतोच, म्हणून ही रिले गप्प बसते.

आणि खरा घात तिथेच होतो. शॉर्ट झालेला वेढा म्हणजे टोकं जोडून टाकलेली ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे दुसरी गुंडाळी. त्याच्यापुरता प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, लाइनवर मात्र फरक जेमतेम दिसतो. तार तापते, तिच्यावरचं इनॅमल जळतं, शेजारचे वेढे सापडतात आणि शेवटी कॉइल बसते त्या लोखंडी गाभ्याच्या खाचेतलं इन्सुलेशन फुटतं. बॉडी शॉर्ट सापडतो तो तेव्हा, म्हणजे वाइंडिंग गेल्यावर.

कारागिरांनी यावर ग्रोलर, म्हणजे एसीवर चालणारा विद्युतचुंबक, वापरला. आर्मेचर (मोटरचा वाइंडिंग असलेला फिरता भाग) त्यावर ठेवून खाचेवर हॅकसॉ ब्लेड धरायचं. शॉर्ट असलेल्या कॉइलच्या खाचेवर ते थरथरून आवाज करतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार चाचणी, कारण त्यात मोजायचं काहीच नाही.

प्रयोगशाळेतलं उत्तर म्हणजे सर्ज टेस्ट. 1926 मध्ये अमेरिकेत जे. एल. रायलँडर यांनी उच्च वारंवारतेच्या दाबाने वेढ्यांमधलं इन्सुलेशन तपासण्याची पद्धत मांडली. साधा दाब सगळ्या वेढ्यांत वाटला जातो, त्यामुळे दोन वेढ्यांमध्ये फारच थोडे व्होल्ट येतात. तीव्र चढाचा धक्का दिला, तर त्याचा मोठा भाग पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो आणि कमजोर जागा उघडी पडते. 1940च्या दशकात दोन फेजच्या लहरी ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) एकमेकींवर ठेवून बघायची पद्धत आली. शॉर्टमुळे कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) घटतो, लहर सरकते, आणि दोन रेषा जुळत नाहीत.

जलविद्युत जनित्रांत कॉइलला अनेक वेढे असतात, म्हणून तिथे फेजचे दोन समांतर भाग करून त्यांचे प्रवाह एकमेकांशी ताडतात. मोठ्या टर्बो-जनित्रांच्या (टर्बाइनवर वेगाने फिरणाऱ्या जनित्रांच्या) स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, बहुधा एका वेढ्याचे बार असल्याने तिथे ही चिंता कमी. तिथली काळजी रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची. रोटरमध्ये थोडे वेढे शॉर्ट झाले तरी मशीन चालत राहतं, फक्त असमान तापून कंप वाढतो. 1971 मध्ये डी. आर. अल्ब्राइट यांनी हवेच्या फटीत बसवलेल्या कॉइलने चालत्या रोटरच्या प्रत्येक खाचेचं चुंबकीय क्षेत्र टिपायची पद्धत प्रसिद्ध केली. कोणत्या कॉइलमध्ये शॉर्ट आहे हे त्यातून कळतं, आणि पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत थांबायचं की नाही, हे मशीन न उघडता ठरवता येतं.