“एकूण किती लागतील?” विचारण्याआधी एवढं वाचा

परदेशी शिक्षणाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: “एकूण किती लागतील?” लगेच दुसरा: “पण वसूल होतील ना?” आम्ही खर्चाचा आणि वसुलीचा तक्ता करून देणारे सल्लागार. फोनवर आम्ही आकडा सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण संकेतस्थळावरची ट्यूशन फी म्हणजे खर्च नव्हे. तेवढाच आकडा धरून कर्जाचा अर्ज केला, की पुढे सगळी कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागतात. त्यात तुमचे आठवडे जातात आणि आमचेही.

जर्मनीचंच घ्या. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, म्हणून लोक ‘फुकट’ समजून येतात. (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.) मग ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो ऐकले की चेहरा उतरतो. हा सप्टेंबर २०२४ पासूनचा वर्षाचा आकडा. ती फी नाही, पैसे तुमचेच. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो असे हातात येतात. पण भरायचे आधी, आणि पूर्ण. घोडं अडतं ते इथेच. म्हणून ‘किती’च्या शेजारी ‘कधी’ हा रकाना पाहिजेच.

‘पार्टटाइममधून फी काढू’ हे गणित आम्ही तक्त्यात धरत नाही. अमेरिकेत एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून वरखर्च निघाला तरी पुष्कळ.

आता वसुली. ब्रिटनमधलं मास्टर्स साधारण एका वर्षाचं, अमेरिकेतलं बहुधा दोन. ब्रिटनमध्ये एका वर्षाचं भाडं वाचतं, पगारही लवकर सुरू होऊ शकतो. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी आहे, आणि कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. गंमत अशी, की एकाच नावाचे दोन कोर्स, एक स्टेममध्ये आणि दुसरा नाही, असंही असतं. तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाला कोर्सचा सीआयपी कोड विचारा; कोर्स स्टेममध्ये मोडतो का, ते या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून कळतं. रँकिंगमधल्या दहा-वीस क्रमांकांपेक्षा आम्ही या कोडला जास्त मानतो.

तक्ता करून देण्याचे आम्ही पैसे घेतो. फुकट सल्ला देणाऱ्या बऱ्याच जणांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. आम्ही ते घेत नाही, त्यामुळे ‘यंदा जाऊ नका’ असंही मोकळेपणाने सांगतो.

येताना ऑफर लेटर आणा, आणि कर्जावर ज्यांची सही लागणार आहे त्यांनाही सोबत घेऊन या. ते आले नाहीत तर दुसरी भेट लागतेच.