एदेन बागेत आधी काय मोडले?

आदाम-हव्वेचे नाव निघाले की पाठोपाठ 'आदिपाप', म्हणजे साऱ्या मानवजातीला लागलेले पहिले पाप, येतेच. पण ही कथा बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात आहे आणि त्या दोन अध्यायांत 'पाप' हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा भेटतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काईन सख्ख्या भावाच्या जिवावर उठतो तेव्हा. सर्प म्हणजे सैतान, असेही मूळ कथा सांगत नाही. फळ सफरचंदाचे होते हे तर चित्रकारांनी आपल्या मनात ठसवले. नंतरच्या वाचकांनी या कथेत इतके काही घातले आहे की मूळ मजकुरात काय होते हे आधी पाहिलेले बरे.

देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. सगळी झाडे मोकळी, मनाई फक्त एका झाडाची. ती मनाई आदामाला झाली तेव्हा हव्वा जन्मालाही आली नव्हती, म्हणजे आज्ञा तिच्यापर्यंत पोचली असेल ती बहुधा ऐकीव! सर्प तिला 'आज्ञा मोड' असे कुठेही म्हणत नाही. तुम्ही मरणार नाही, उलट तुमचे डोळे उघडतील आणि हे देवाला ठाऊक आहे, एवढेच तो सुचवतो. देव काहीतरी लपवतो आहे, ही शंका पेरली की त्याचे काम झाले. फळ तोडले जाण्यापूर्वी विश्वास तुटलेला असतो. मग चौकशी होते. आदाम म्हणतो, 'तू मला दिलेल्या स्त्रीने दिले.' एका वाक्यात बायको आणि देव दोघांवरही ठपका. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. सर्पाला मात्र कोणी काही विचारतच नाही, थेट शिक्षा.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली निर्मितीकथा वेगळ्या परंपरेतली आहे. तिची मांडणी इ.स.पू. सहाव्या शतकात, यहुदी बाबिलोनमध्ये बंदिवासात होते त्या सुमारास झाली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. बाबिलोनच्या निर्मितीकाव्यात माणूस घडतो तो मारल्या गेलेल्या एका देवाच्या रक्तातून, आणि देवांचे कष्ट उपसण्यासाठी. वेठबिगाराकडे विश्वास कोण मागतो? उत्पत्तीत मात्र माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि पृथ्वीवर त्याला सत्ता दिली आहे.

हिब्रू धर्मग्रंथात आदामाच्या या चुकीकडे पुढे फारसे कोणी वळत नाही. तिला वजन आले ते ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्यामुळे. इ.स. ५७ च्या सुमारास रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने दोन माणसे समोरासमोर उभी केली: एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले आणि एकाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. इथून कथेचा गाभा आज्ञापालन हा झाला. बायबलमधल्याच, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'आदाम भुलला नाही, स्त्री भुलली' असे वाक्य आहे, आणि पुढे कित्येक शतके बायकांना गप्प बसवायला ते वापरले गेले. हव्वेने फळ दिले तेव्हा आदाम तिच्याजवळच होता, असे मूळ हिब्रूत आहे. तो तोंडातून शब्दही काढत नाही. या मौनाबद्दल मात्र फारशी प्रवचने झाली नाहीत. लियाँचा बिशप आयरेनियस (सुमारे इ.स. १८०) कनवाळू वाटतो. त्याच्या मते ते दोघे अजाण लेकरांसारखे होते, अजून वाढायचे होते.

खरी खडाजंगी पाचव्या शतकातली. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले आणि अनेक रोमन उत्तर आफ्रिकेत आले. त्यांत मूळचा ब्रिटनचा तपस्वी पेलॅजियस होता. त्याचे म्हणणे साधे होते: देव अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, पण ज्याचे पाप त्याचे. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन याला हे मान्य होणे शक्यच नव्हते. त्याच्या मते सारी मानवजात आदामात सामावलेली होती आणि दोष रक्तातून पुढे येतो. आज्ञा इतकी सोपी होती म्हणूनच ती मोडणे इतके भयंकर, हा त्याचा युक्तिवाद आणि त्या मोडण्यामागे त्याला दिसला तो गर्व. ४१८ च्या कार्थेज परिषदेत पेलॅजियसचे मत पाखंड ठरले. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्माही पापक्षमेसाठीच असतो, असे परिषदेने ठरवले. पेलॅजियसच्या बाजूचा, इटलीतल्या एक्लॅनमचा बिशप ज्युलियन ऑगस्टीनला शेवटपर्यंत विचारत राहिला: अर्भकाला दोषी धरणारा देव न्यायी कसा? हा प्रश्न हरलेल्या बाजूचा असला तरी आजही तितकाच बोचतो.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी ऑगस्टीनची वाट धरली नाही. आदामाकडून आपल्याला मरण आले, अपराध नव्हे, असे ते मानतात. पश्चिमेत १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने वारशाने येणाऱ्या पापावर पुन्हा शिक्का मारला. पण त्याआधीच प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथर जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये उत्पत्तीवर व्याख्याने देत होता आणि पहिले पाप फळ खाणे नसून देवाच्या शब्दावरचा अविश्वास आहे, असे बजावत होता. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यानेही मूळ अविश्वासातच शोधले.

मराठीत ही कथा फार लवकर आली. १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती वाचकांसाठी ती ओवीबद्ध केली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत.

बागेच्या राखणीकडे मात्र कित्येक शतके कोणाचे फारसे लक्ष नव्हते. १९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' नियतकालिकात पर्यावरणाच्या संकटाचे मूळ पृथ्वीवरील सत्तेच्या ख्रिस्ती कल्पनेत असल्याचा आरोप केला आणि धर्मपंडितांनी धावत जाऊन 'मशागत आणि राखण' हे वचन पुढे केले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रकातही तेच वचन आहे.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पहिल्या पापाचे वर्णन असे आहे: माणसाने निर्मात्यावरचा विश्वास आपल्या अंतःकरणात मरू दिला आणि स्वातंत्र्याचा गैरवापर करून आज्ञा मोडली. हा क्रम लूथरलाही पटला असता. मात्र थोडेच पुढे तोच ग्रंथ म्हणतो की हे पाप आपण केलेले नाही, आपल्याला लागलेले आहे, आणि म्हणून तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा हवा.