इन्सुलिन देणं आणि इन्सुलिन शिकवणं

वॉर्डातल्या कुठल्याही मधुमेही रुग्णाची फाइल उघडली, तर डिस्चार्जच्या दिवशीच्या नोंदींत एकाखाली एक दोन ओळी बहुतेक वेळा सापडतात. एक, सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. दुसरी, इन्सुलिनबद्दल आरोग्यशिक्षण दिलं. दोन्हींपुढे वेळ आणि सही. कागदावर दोन्ही कामं सारखीच पूर्ण झालेली दिसतात. पण पहिलं काम खरोखर झालेलं असतं आणि दुसरं झालं की नाही हे त्या ओळीवरून कुणालाच सांगता येणार नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर्सना हा फरक सुरुवातीलाच नीट कळावा असं मला फार वाटतं, कारण घरी गेलेल्या रुग्णाचं बरंवाईट त्यावर ठरतं.

गोंधळ होण्याचं कारणही आहे. रुग्णाच्या भल्यासाठी नर्स आपलं ज्ञान आणि निर्णय वापरून जे काही करते, त्याला नर्सिंग इंटरव्हेन्शन म्हणतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९९२ मध्ये अशा कामांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्यात रुग्णाला शिकवणं हेही एक इंटरव्हेन्शनच मानलेलं आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे आरोग्यशिक्षण हा शुश्रूषेचाच एक प्रकार ठरतो. परीक्षेत तसं लिहावंच. वॉर्डात मात्र दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. शुश्रूषेत हात सिस्टरचे असतात आणि शिक्षणात हात रुग्णाचे.

समजा रुग्ण एक आजी आहेत. त्यांना इन्सुलिन देताना सिस्टर ग्लुकोमीटरवर साखर बघते, ऑर्डर वाचते, बाटलीवरचं नाव आणि मुदत तपासते. ३०/७० चं, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं गढूळ मिश्रण असेल तर बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकसारखं करते. जेवणाला अर्धा तास आहे ना, आजींचं ताट खरंच येणार आहे ना, हेही विचारते. मग इंजेक्शन देते. पुढे आजींना घाम फुटला, हात थरथरले, तर ते तिच्याच ड्युटीत दिसतं आणि तिथल्या तिथे उपाय होतो. काम झालं की नाही, याचा पुरावा समोरच असतो.

शिकवण्याचा पुरावा असा समोर नसतो. तो आठ दिवसांनी, आजींच्या घरी, सकाळच्या घाईत तयार होतो, आणि तिथे चुकण्याच्या जागा भरपूर आहेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाली. मेडिकलमध्ये लाल संपली म्हणून नारिंगी दिली आणि आजींनी नेहमीप्रमाणे २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात फक्त ८ युनिट शरीरात जातात. साखर वाढत राहते आणि सगळे म्हणतात, आजी पथ्य पाळत नाहीत. उलटी चूक जिवावर बेतते. पेनसारख्या उपकरणातून इन्सुलिन घेतात, त्या इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं (आतल्या नळकांडीतलं) इन्सुलिन १०० युनिटचं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातील. म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीच काढायचं नाही, हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं.

हे सगळं सिस्टर पाच मिनिटांत सांगू शकते. सांगून झाल्यावर ती विचारते, “आजी, कळलं ना?” आजी म्हणतात, “हो सिस्टर, कळलं.” ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं, शिवाय सिस्टर घाईत आहे हे आजींनाही दिसत असतं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’च येणार.

त्याऐवजी सिरिंज आणि बाटली आजींच्या हातात द्यावी आणि म्हणावं, “आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी सूनबाईला तुम्ही कसं दाखवाल, तसं मला दाखवा.” परीक्षा सिस्टरची आहे, आजींची नाही, हे त्यातून कळलं की त्या मोकळेपणाने करून दाखवतात. आणि मग काय काय दिसतं! चष्म्याशिवाय रेघ वाचता येत नाही. बाटलीत आधी हवा भरायची राहते. पोटावर टोचायची जागा विचारली तर बोट पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जातं, आणि तिथे हात लावला तर कडक गाठ लागते. रोज त्याच जागी टोचल्याने चरबीची अशी गाठ होते. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणसं तीच जागा पसंत करतात. पण तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, कधी कमी तर कधी अचानक जास्त. ‘जागा बदलत राहा’ हे वाक्य आजींनी आजवर अनेकदा ऐकलेलं असतं. पोटाचे चार भाग करून एकेका आठवड्याला एकेक भाग, बेंबीभोवतीची जागा सोडून, असं त्यांच्या बोटाने त्यांच्याच पोटावर ठरवून घेतलं की ते लक्षात राहतं.

शिकवण्यासाठी आधी विचारावंही लागतं. एकादशीला काय करता? सोमवारी? नवरात्रात? कुणी उपासाच्या दिवशी इन्सुलिन पूर्ण बंद ठेवतं, कुणी डोस पूर्ण घेतं आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही घालत नाही. कुणी साबुदाण्याची खिचडी दोनदा खातं आणि उपास असून साखर वाढली कशी म्हणून चकित होतं. उपासाचा डोस आणि खाणं डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवायचं असतं, पण आजी उपास करतात हे कुणी विचारलंच नाही तर ते ठरणार कसं? साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, हेही घरच्यांकडून म्हणवून घ्यावं: माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरी कमी असेल तर पुन्हा साखर. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. एकादशी मोडेल म्हणून साखर न घेणाऱ्या आजी असतात. त्यांच्याशी या बाबतीत आधीच, प्रेमाने आणि स्पष्ट बोलावं.

घरी फ्रिज आहे का, हाही असाच प्रश्न. असेल तर इन्सुलिन दारातल्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. नसेल तर विदर्भातल्या मे महिन्यात ‘थंड जागी ठेवा’ या सल्ल्याचा उपयोग नाही. माठाचा गारवा वापरून, बाटली प्लास्टिकच्या बंद डबीत घालून, ती पाण्यात बुडू न देता कशी ठेवायची, ते सांगावं लागतं.

मग नोंद कशी करावी? “रुग्णाने लाल सिरिंजमध्ये १२ युनिट स्वतः बरोबर भरलं. जागा बदलणं करून दाखवलं. साखर कमी झाल्याची लक्षणं सांगताना घाम विसरल्या, उद्या सकाळी पुन्हा विचारावं.” एवढं लिहिलं की पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला कुठून सुरुवात करायची ते कळतं. डिस्चार्जचा दिवस तर शिकवायला सगळ्यांत वाईट. बिलाची धावपळ असते, रिक्षा बाहेर उभी असते, मुलगा चिडलेला असतो. इन्सुलिन सुरू झालं त्या दिवसापासून प्रत्येक इंजेक्शन हा एकेक धडा होऊ शकतो: पहिल्या दिवशी आजी बघतील, दुसऱ्या दिवशी भरतील, तिसऱ्या दिवशी टोचतील.

ओपीडीत चार्ट लावून दिलं जाणारं हेल्थ टॉक ही तिसरीच गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासा, हे गर्दीला सांगण्यासाठी ते चांगलंच आहे. मात्र एका माणसाला एक कृती शिकवण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

शुश्रूषा आणि शिक्षण दोन्ही एकत्र नेटाने केलं तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. या बायका बाळाचं वजन आणि ताप बघत, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन देत, आणि आईला अंगावर पाजणं, बाळाला उबदार ठेवणं शिकवत. त्या गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. नुसता उपदेश करून किंवा नुसती इंजेक्शनं देऊन हे झालं असतं असं मला वाटत नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते. गर्दीच्या वॉर्डात एका सिस्टरकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतात. मग नाकातल्या नळीतून खाणं घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं ही कामं नातेवाइकांवर येतात आणि त्याला शिक्षण म्हटलं जातं. घरी गेल्यावर रुग्णाच्या मुलीलाच हे करायचं असेल तर तिला जरूर शिकवावं. पण नळी जागेवर आहे का हे तपासणं, डोक्याकडची बाजू उंच ठेवणं, ठसका लागला तर लगेच थांबणं ही वॉर्डात सिस्टरची जबाबदारी आहे. मुलगी शिकत असताना सिस्टरने शेजारी उभं राहायला हवं. ती शेजारी नसेल तर रुग्णाची शुश्रूषाही झालेली नसते आणि मुलीचं शिक्षणही. आणि तेवढी माणसं वॉर्डात नसतील, तर ती मागितली पाहिजेत, लेखी.