नव्या बोटीची पहिली सफर, तीही शरदात: आमच्या ग्राहकांसाठी

शिडाची बोट ताब्यात मिळाली की बहुतेक जण आम्हाला विचारतात, "मग पहिल्यांदा कुठे जाऊ?" उन्हाळा असता तर आम्ही लगेच नकाशा उघडला असता. शरदात मात्र आधी आम्ही तुम्हाला विचारतो: परत कधी पोहोचायलाच हवं, असं काही बंधन आहे का? सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं आहे, पाहुणे अमुक दिवशी अमुक बंदरात यायचे आहेत, असलं काही? असेल तर ते बंधन आधी सोडवा. शरदातल्या पहिल्या सफरी बिघडतात त्या बहुधा वादळ अचानक आलं म्हणून नव्हे. वादळ येणार हे माहीत असतं, पण तारीख ठरलेली असते म्हणून लोक निघतात.

या ऋतूत हवा अशी का वागते ते थोडक्यात सांगतो. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरला, दक्षिणेत 20-21 मार्चला दिवस-रात्र समान होतात आणि मग ध्रुवाकडचा भाग झपाट्याने थंडावू लागतो. विषुववृत्ताकडचा भाग अजून उबदारच असतो. दोघांच्या तापमानातली दरी रुंदावली की कमी दाबाची क्षेत्रं खोल होतात आणि जोरात सरकतात. त्यातच उष्ण कटिबंधातली विरत आलेली वादळं ध्रुवाकडे सरकली की तीन-चार दिवसांपुढच्या अंदाजाचा भरवसा उरत नाही. समुद्र मात्र अजून गरम असतो. त्यावरून थंड हवा गेली की सरी येतात आणि प्रत्येक सरीबरोबर वाऱ्याचा झोत येतो. अंदाजात दिलेला वेग हा सरासरी असतो, झोत त्याच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो.

शिवाय उजेड. 50 अंश अक्षांशावर या दिवसांत दिवस रोज जवळपास 4 मिनिटांनी लहान होतो. सफर पंधरा दिवस पुढे ढकलली तर जवळजवळ एक तास उजेड गेलाच म्हणून समजा.

आकड्यांशी प्रामाणिक राहा

माहितीपत्रकात तुमच्या बोटीचा वेग 7 नॉट, म्हणजे ताशी 7 सागरी मैल, छापलेला असेल. आखणी करताना 5 नॉट धरा. 20 सागरी मैलांवरचं बंदर म्हणजे मग 4 तास. पण वारा नेमका समोरून असेल तर बोट सरळ जात नाही, 45 अंशांत वळणं घेत जाते आणि 20 मैलांचे 28 होतात. शिवाय प्रत्येक वळणाला थोडा वेळ जातोच. म्हणजे सहा तास. उजेड अकरा तासांचा असला तरी निघायला उशीर, इंजिनची कुरकुर, कुणाला लागलेली बोट या सगळ्याला त्यातूनच वेळ काढायचा असतो. म्हणून पहिल्या सफरीला 15 ते 20 मैल ही आमची वरची मर्यादा आहे. अनुभवी माणसांनाही आम्ही हेच सांगतो, कारण अनुभव त्यांना समुद्राचा असतो, या बोटीचा नसतो.

दुसरा आकडा वाऱ्याचा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 12 नॉटमध्ये, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापावरच्या फोर्स 4 मध्ये, मजेत चाललेली बोट 24 नॉटच्या फोर्स 6 मध्ये अगदी वेगळी वाटते.

आता यातली खरी गोम. 20 नॉट वारा पाठीशी घेऊन तुम्ही 6 नॉटने चालला आहात. बोटीवर तुम्हाला जाणवतो फक्त 14 नॉट. ऊन आहे, सगळे खूश आहेत. मग परतायचं ठरतं, बोट वाऱ्याच्या तोंडावर वळते आणि तोच वारा जवळपास 24 नॉटचा होऊन अंगावर येतो. वारा वाढलेला नाही, तरी शिडावरचा जोर जवळपास तिप्पट झाला. म्हणून पहिल्या सफरीला शक्य तिथे जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी घ्या. थकलेले असताना सोपी वाट मिळते. आणि पाठवाऱ्याने जायचीच वेळ आली तर दर तासाला एकदा बोट वळवून पाच मिनिटं समोरचा वारा खाऊन बघा. परतीचा प्रवास कसा असेल ते तिथेच कळतं.

वारा दिवसभर एकाच दिशेचा राहील असंही धरू नका. थंड हवेची आघाडी पुढे सरकली की उत्तर गोलार्धात वारा नैऋत्येकडून वायव्येकडे फिरतो, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैऋत्येकडे. सकाळी आडोशाचं असलेलं बंदर रात्री उघडं पडू शकतं. नांगर टाकायची जागा निवडताना नकाशावर दोन्ही दिशांचे बाण काढा.

नवी बोट म्हणजे तपासलेली बोट नव्हे

हे आम्ही बोटी विकणारे असूनच सांगतो आहोत. नव्या बोटीचे दोष धक्क्याला बांधलेली असताना दिसत नाहीत, लाटांत हलली की दिसतात. आम्हीच ताब्यात दिलेल्या एका बोटीचा बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) धक्क्यावर तीनदा चालवून पाहिला होता. पहिल्याच लाटांमध्ये तो अडला. बांधणीच्या वेळी राहिलेला लाकडाचा भुसा आणि फायबरचे तुकडे फळ्यांखालच्या कोपऱ्यांतून हलून थेट पंपाच्या जाळीवर येऊन बसले होते. तेव्हापासून बोट देण्याआधी आम्ही प्रत्येक फळी उचलून आतून धुतो. तरीही तुम्ही स्वतः एकदा उचलून बघा.

डोलकाठीला तोलून धरणाऱ्या नव्या तारा पहिल्या काही जोरदार दिवसांत सैल पडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण वारा खात असताना आडोशाच्या बाजूची (वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची) तार लोंबकळताना दिसली तर शिडं कमी करा, परत या आणि ताण पुन्हा लावून घ्या. टर्नबकलच्या (तारा ताणणाऱ्या स्क्रूच्या) पिना वाकवलेल्या आहेत ना, ते हाताने चाचपून पाहा. नुसत्या नजरेवर जाऊ नका. डिझेलच्या टाकीतला गाळ किंवा बांधणीतला चुरा पहिल्या हेलकाव्यांत ढवळतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. दोन जादा फिल्टर जवळ ठेवा आणि फिल्टर बदलून इंजिनमधली हवा काढण्याचा सराव धक्क्यावरच एकदा करा. लाटांमध्ये, डिझेलच्या वासात, पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. डिझेलचा हिशेब तिनात करा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव.

खोली दाखवणारं यंत्र कुठून मोजतंय, पाण्याच्या पृष्ठभागापासून की कीलच्या (बोटीखालच्या जड पात्याच्या) तळापासून, हे दोरीला वजन बांधून तपासा. होकायंत्राजवळ स्पीकर किंवा फोन ठेवला तर सुई सरकते, त्यामुळे सगळी यंत्रं चालू ठेवून नकाशावरच्या एखाद्या ओळखीच्या रेषेशी ते जुळवून पाहा.

रेडिओची गोष्ट मात्र अजिबात मागे टाकू नका. व्हीएचएफवरचं (बोटीवरच्या रेडिओवरचं) लाल बटण दाबलं की संकटसंदेश जातो, पण बोटीची ओळख सांगणारा तुमचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक त्यात भरलेला असेल तरच. नव्या संचात तो भरलेला नसतो. 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन असेल तर त्याची नोंदणी तुमच्या नावाने झाली आहे का, तेही पाहा. नोंदणी नसेल तर संदेश पोहोचूनही ही बोट कुणाची आणि घरी कुणाला फोन करायचा, हे शोधमोहिमेला कळत नाही. चॅनेल 16 वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर, बोलायचे शब्द लिहून रेडिओशेजारी चिकटवा.

आणि शिडाला रीफ लावण्याचा, म्हणजे शीड काही भाग गुंडाळून लहान करण्याचा, सराव. बांधलेल्या बोटीवर, वारा पडलेला असताना, दहा वेळा. कोणती दोरी कुठून येते हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे. पहिला रीफ लावावा का असा विचार मनात आला, की तो लावायची वेळ झालेली असते.

निघायचं की नाही

पाच दिवस आधीपासून रोज एकाच वेळी अंदाज बघा आणि वहीत लिहा. त्यातल्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो त्यातला रोजचा बदल. शनिवारचा वारा सोमवारी 15 नॉट, मंगळवारी 22, बुधवारी पुन्हा 14 असा उड्या मारत असेल तर 14 वर विश्वास ठेवू नका. हवामानाच्या अंदाजाची दोन वेगळी मॉडेलं सलग दोन दिवस एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो. मर्यादा घरी, शांतपणे, आधीच लिहून काढा. पहिल्या सफरीसाठी आमची सूचना: सरासरी फोर्स 4, झोत 20 नॉटपर्यंत, त्यापुढे नाही. सकाळी धक्क्यावर सगळे पिशव्या घेऊन उभे असताना ही मर्यादा ठरवायला बसलात तर ती हमखास वर सरकते.

निघाल्यावर बॅरोमीटरवरचा हवेचा दाब दर तासाला नोंदवा. 3 तासांत 3 हेक्टोपास्कलहून जास्त उतरला तर आकाश कितीही निळं असो, जवळच्या आडोशाला वळा. 6 हून जास्त उतरला तर जोराचं वादळ अंदाजापेक्षा लवकर येतंय असंच समजा.

भरतीचंही पाहा. वर्षातली सर्वांत मोठी उधाणं विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या) आसपास येतात. प्रवाह एका बाजूला आणि वारा उलट बाजूने असला की लाटा उभ्या आणि तोकड्या होतात. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असेल तर ओहोटीच्या वेळी तिथे लाटा फुटतात. अशा बंदरात उजेडात आणि भरती चढत असतानाच शिरा. सकाळच्या धुक्यालाही आखणीत एखादा तास राखून ठेवा.

पाणी 15 अंशांच्या खाली गेलं असेल तर त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात ताब्यात राहत नाही, आणि साधारण दहा मिनिटांत हात कामातून जातात. म्हणून लाईफ जॅकेट मांड्यांमधल्या पट्ट्यासकट घाला आणि डेकवर पाऊल टाकण्याआधी तुम्हाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या दोरीचा हूक अडकवा. मुलांना अडकवता, तसंच स्वतःलाही.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला वेळापत्रक देऊन ठेवा. मात्र त्याला हेही सांगा की बेत बदलू शकतो, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

हवेने साथ दिली नाही तरी बोटीवर या. रात्र तिथेच काढा, नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून दर 10 मीटरला रंगाची खूण करा, दिवे लावून बॅटरी किती तास टिकते ते पाहा. सफरीत लागणारी अर्धी माहिती धक्क्यावरच मिळते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला फोन केलात तर आम्ही तुमच्याबरोबर अंदाज वाचतो. परतल्यावर ठिबकलेलं, खडखडलेलं, अडकलेलं असं सगळं लिहिलेली वही घेऊन या. तारांचा ताण आणि इंजिनची पहिली तपासणी आम्ही त्या वहीनुसारच करतो.