अमेरिकेतल्या कॉलेजचं मदतपत्र कसं वाचावं

अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की पाठोपाठ 'फायनान्शियल एड ऑफर', म्हणजे हे मदतपत्र, येते. समजा, वर्षाचा खर्च 58,000 डॉलर आणि खाली रकमा अशा: स्कॉलरशिप 30,000, विद्यार्थ्याचं फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज 5,500, वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं काम) 2,500, पॅरेंट प्लस कर्ज (पालकांनी घ्यायचं सरकारी कर्ज) 20,000. बेरीज 58,000. घरच्यांना वाटतं, सगळं भागलं! खरी मदत मात्र 30,000चीच आहे. उरलेले 28,000 तुम्हालाच उभे करायचे आहेत.

म्हणून खर्चातून फक्त ग्रँट (परत न करायची मदत) आणि स्कॉलरशिप वजा करा आणि येईल त्या आकड्यावर कॉलेजांची तुलना करा. खर्चात राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास धरलाय का, तेही बघा. काही पत्रांत नुसती ट्यूशन, म्हणजे कॉलेजची फी, असते. वर्क-स्टडीचे पैसे काम मिळालं आणि केलं तरच पगार म्हणून हातात येतात. सबसिडाइज्ड कर्जाचं शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं, अनसबसिडाइज्डवर ते कर्ज मिळाल्यापासूनच चढू लागतं. पहिल्या वर्षीच्या 5,500 मध्ये सबसिडाइज्ड जास्तीत जास्त 3,500 असतं. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का आणि त्यासाठी किती जीपीए (सरासरी गुण) लागतो, हे लेखी विचारून घ्या.

फेडरल मदतीसाठी 'फाफ्सा' हा सरकारी अर्ज भरावा लागतो. विद्यार्थी साधारणपणे अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक (कायम वास्तव्याचा परवाना असलेला) हवा. एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) आणि एच-फोर (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांना ही मदत मिळत नाही. मात्र मुलगी नागरिक आणि आईवडील एच-वन-बीवर असतील तर ती पात्र आहे. पालकांचा व्हिसा तिच्या मदतीच्या आड येत नाही (पॅरेंट प्लस कर्ज मात्र अशा पालकांना मिळत नाही), त्यामुळे अर्ज जरूर करा. व्हिसावरच्या मुलांनी कॉलेजच्या स्वतःच्या निधीची चौकशी करावी. त्यासाठी अनेक खासगी कॉलेजं 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा वेगळा अर्ज मागतात.

फाफ्सासाठी विद्यार्थी आणि पालक, दोघांची स्वतंत्र ऑनलाइन खाती लागतात. शिवाय विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेतली शिल्लक आणि गुंतवणुकीचा तपशील. 2026-27 साठी टॅक्स रिटर्न 2024चं लागतं. राहतं घर आणि निवृत्तीची खाती मालमत्तेत धरत नाहीत, पण भारतात भाड्याने दिलेला फ्लॅट धरतात. तो लपवू नका.

त्या रिटर्ननंतरच्या काळात नोकरी गेली किंवा आजारपणाचा मोठा खर्च आला, तर कॉलेजच्या एड ऑफिसकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. सोबत कंपनीचं पत्र, हॉस्पिटलची बिलं जोडा. बरीच कॉलेजं 1 मेपर्यंत होकार मागतात, तेव्हा पत्र आलं की लगेच हा अर्ज द्या.