शिडीच्या गणितामागची गोष्ट: संबंधित दरांची गणिते कुठून आली

पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवलेली आहे. तिचा पाया सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीपासून दूर ओढला जातो आहे. पाया भिंतीपासून ३ मीटरवर असेल, त्या क्षणी शिडीचे वरचे टोक किती वेगाने खाली येत असेल? कलन (कॅल्क्युलस) शिकलेल्या प्रत्येकाने हे गणित कधी ना कधी सोडवलेले असते, निदान त्यात अडकलेला तरी असतो. शिडी नसेल तर फुगणारा फुगा असतो, शंकूच्या आकाराच्या टाकीत चढणारे पाणी असते, दिव्याच्या खांबापासून दूर चालणाऱ्या माणसाची लांबत जाणारी सावली असते. ही सगळी संबंधित दरांची गणिते. वर्गात त्यांना सर्रास 'रिलेटेड रेट्स' म्हणतात.

पाठ्यपुस्तकात ही गणिते अवकलनाचे, म्हणजे बदलाचा दर काढण्याचे, सगळे नियम शिकवून झाल्यावर, 'उपयोजन' या मथळ्याखाली येतात. त्यामुळे असा समज होतो की आधी अवकलन सापडले आणि मग त्याचा उपयोग दाखवायला शिड्या आणि फुगे गोळा केले. प्रत्यक्षात घडले ते उलट. एका राशीच्या बदलाच्या वेगावरून तिच्याशी बांधलेल्या दुसऱ्या राशीचा वेग काढणे, हाच न्यूटनपुढचा मूळ प्रश्न होता. नियम त्या प्रश्नाच्या उत्तरातून निघाले. हे कळले की विद्यार्थी या गणितांत नेमका जिथे चुकतो, ती जागाही स्पष्ट दिसते.

या गणितातला सगळ्यात अवघड शब्द म्हणजे 'त्या क्षणी'. क्षणात अंतर कापलेच जात नाही, मग क्षणाला वेग कसा असेल? १३३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांना हा प्रश्न पडला होता. त्यांच्यातल्या विल्यम हेटिसबरी याने दिलेले उत्तर मला आजही वर्गात सांगण्याजोगे वाटते: एखाद्या क्षणीचा वेग म्हणजे, वस्तू त्याच वेगाने एकसारखी चालत राहिली असती तर दिलेल्या वेळात जितके अंतर कापले असते, ते अंतर. यातला 'असती तर' महत्त्वाचा आहे. वरच्या शिडीचे उत्तर सेकंदाला पाऊण मीटर असे येते. पण पुढच्या सेकंदात टोक पाऊण मीटर खाली येत नाही. त्या सेकंदात पाया ३ वरून ४ मीटरवर जातो आणि टोक ४ मीटर उंचीवरून ३ वर येते, म्हणजे पुरते १ मीटर. त्याच्या पुढच्या सेकंदात ते थेट जमिनीवर यायला हवे, म्हणजे ३ मीटर. पाऊण मीटर हा फक्त त्या एका क्षणाचा हिशोब.

क्षणाच्या गतीची गरज ऑक्सफर्डच्या आधी ज्योतिर्गणितात भासली होती. ११५० मध्ये लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्य दोन गती वेगळ्या करतात. आजचे ग्रहस्थान आणि उद्याचे ग्रहस्थान यांतला फरक ही स्थूल गती आणि त्या त्या वेळेची ती तात्कालिकी गती. हा फरक त्यांनी हौसेखातर केलेला नाही. चंद्र दिवसाला सरासरी सुमारे १३ अंश चालतो आणि त्याची चाल सतत कमीजास्त होत असते. तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसभराची गती पुरत नाही, त्या वेळेची गती लागते. आता रचना पाहा. एक कोन एकसारख्या गतीने वाढतो आहे. ग्रहाच्या स्थानाला द्यायची दुरुस्ती त्या कोनाच्या ज्येवर (साइनवर) अवलंबून आहे. मग दुरुस्ती किती वेगाने बदलते? भास्कराचार्यांचे उत्तर असे की, तो वेग कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. आपण आज 'साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन' म्हणतो तो हाच संबंध, आणि प्रश्नाची घडण तर थेट संबंधित दरांची आहे. मुंजालाच्या दहाव्या शतकातल्या 'लघुमानसा'तही हा संबंध वापरलेला आढळतो. भास्कराचार्यांनी पुढचेही एक निरीक्षण नोंदवले: दुरुस्ती जिथे सर्वाधिक असते, तिथे तिच्या बदलाचा वेग शून्य असतो. मात्र हे सारे ज्या आणि कोज्या यांच्यापुरते होते. कोणतेही समीकरण समोर आले तरी चालेल अशी रीत त्यातून निघाली नाही.

ती रीत न्यूटनने काढली. प्लेगमुळे केंब्रिज बंद होते, त्या काळात, ऑक्टोबर १६६६ मध्ये, २३ वर्षांच्या न्यूटनने एक टिपण लिहिले. त्यातला मुख्य प्रश्न असा: काही वस्तू एकाच वेळात वेगवेगळ्या रेषा आखत चालल्या आहेत आणि त्या रेषांच्या लांबींमधले नाते समीकरणाने दिलेले आहे, तर त्या वस्तूंच्या वेगांमधले नाते कोणते? शिडीचा पाया जमिनीवरून आणि टोक भिंतीवरून सरकते, हे आठवा. आपले गणित जवळपास त्याच शब्दांत तिथे मांडलेले आहे. पुढे १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने बदलत्या राशींना 'फ्लुएंट' म्हणजे वाहत्या राशी आणि त्यांच्या वेगांना 'फ्लक्शन' अशी नावे दिली. त्या ग्रंथातला पहिलाच प्रश्न आहे: वाहत्या राशींमधले नाते दिले असता त्यांच्या फ्लक्शनांमधले नाते काढा. ग्रंथ मात्र छापला गेला १७३६ मध्ये, न्यूटन जाऊन नऊ वर्षे झाल्यावर.

न्यूटनला या प्रश्नाची किंमत किती वाटत होती, हे एका पत्रातून कळते. २४ ऑक्टोबर १६७६ रोजी त्याने रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याच्यामार्फत जर्मन गणितज्ञ लाइबनिट्सला लांबलचक पत्र पाठवले. आपल्या रीतीचा पाया काय, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा त्याने एका लॅटिन वाक्यातली अक्षरे सुटी करून फक्त मोजून लिहिली: सहा ए, दोन सी, एक डी, तेरा ई, दोन एफ, सात आय, अशी. वाक्य दडवायचे, पण ते आपल्याकडे आधीपासून होते याचा पुरावाही ठेवायचा. ते वाक्य असे होते: कितीही वाहत्या राशी असलेले समीकरण दिले असता त्यांची फ्लक्शने काढणे, आणि त्याउलट. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गृहपाठात जे करतो, ते एके काळी इतके मोलाचे गुपित होते. हे सांगताना मला दर वेळी तितकेच नवल वाटते.

न्यूटनची रीत शिडीवरच चालवून पाहू. पाया भिंतीपासून क्ष अंतरावर, टोक य उंचीवर, म्हणून क्ष² + य² = २५. पायाचा वेग प, टोकाचा वेग फ. न्यूटन 'ओ' नावाचा काळाचा अगदी बारीक तुकडा घेतो. तेवढ्या वेळात क्ष वाढून क्ष + प·ओ होतो आणि य चा य + फ·ओ होतो. नाते तेच राहते, म्हणून या नव्या किमती त्याच समीकरणात घालायच्या. वर्ग उलगडून जुने समीकरण वजा केले की उरते २क्षप·ओ + प²·ओ² + २यफ·ओ + फ²·ओ² = ०. सगळीकडे ओने भागा. मग ज्या पदांत अजून ओ शिल्लक आहे ती सोडून द्या. राहते क्षप + यफ = ०. क्ष = ३, य = ४, प = १ घातले की फ = −३/४. उणे चिन्ह सांगते की उंची घटते आहे.

ओने भागताना तो शून्य नव्हता, आणि पदे सोडून देताना शून्य झाला. हे कसे चालेल? १७३४ मध्ये बिशप जॉर्ज बर्कलीने नेमका हाच आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. त्याला पक्के उत्तर मिळायला १८२० चे दशक उजाडले, फ्रेंच गणितज्ञ कोशीने सीमेच्या, म्हणजे राशी ज्या किमतीच्या हवी तितकी जवळ जाते त्या किमतीच्या, कल्पनेवर कलनाची मांडणी केली तेव्हा. आक्षेपाचे उत्तर मिळाले, पण उत्तराच्या वाटेवर गणितातली हालचाल मागे पडत गेली.

लाइबनिट्सने १६८४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली होती आणि तिची चिन्हे फार सोयीची होती. साखळी नियम (एकमेकींवर अवलंबून असलेल्या राशींचे दर गुणून जोडणारा) त्या चिन्हांत लिहिला की अपूर्णांक काटाकाटी करावेत तसा दिसतो. १७९७ मध्ये लाग्रांजने तर गती आणि अतिसूक्ष्म राशी दोन्ही वगळून कलन निव्वळ बीजगणितावर उभे करू पाहिले. १८१२ मध्ये केंब्रिजला बॅबेज, हर्शेल, पीकॉक या तरुणांनी अॅनालिटिकल सोसायटी काढली आणि फ्लक्शन दाखवायला अक्षरांवर दिल्या जाणाऱ्या न्यूटनच्या टिंबांच्या जागी लाइबनिट्सची चिन्हे आणण्याचा आग्रह धरला. गणिताला त्याचा फायदाच झाला. नवख्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र हलणारी वस्तू कुठेच नसलेली चिन्हांची रास आली.

याच तक्रारीतून आजची संबंधित दरांची गणिते जन्मली. विल्यम रिची हा स्कॉटलंडमध्ये शिक्षकी केलेला, पुढे लंडनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झालेला माणूस. कलन हे नुसते सूत्रांचे शास्त्र झाले आहे आणि साधा विद्यार्थी त्याच्या जवळ जायला घाबरतो, असे त्याचे म्हणणे होते. १८३६ मध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढले आणि त्यात दरांची गणिते घातली. समभुज त्रिकोणाची बाजू सेकंदाला ३ फूट वाढते आहे, ती १० फूट असताना क्षेत्रफळ किती वेगाने वाढेल? उत्तर सेकंदाला सुमारे २६ चौरस फूट. दुसऱ्या एका गणितात तापलेल्या फावड्यावर ठेवलेले अर्ध्या पेनीचे नाणे आहे, उष्णतेने प्रसरण पावणारे. त्याचा व्यास अमुक वेगाने वाढतो, तर पृष्ठभाग किती वेगाने वाढेल? मला हे नाणे फार आवडते. त्यात कलनाची सगळी भीती एका डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूत विरघळते. रिची पुढच्याच वर्षी वारला, पण गणिते टिकली. १८४४ मध्ये जेम्स कॉनेल या ग्लासगोच्या शिक्षकाच्या पुस्तकात संथ पाण्यात टाकलेल्या दगडाची पसरणारी वलये आली, आणि ती आजतागायत पसरत आहेत.

आता विद्यार्थी जिथे चुकतो ती जागा. शिडीच्या गणितात य = ४ ही किंमत अनेक जण अवकलन करण्याआधीच घालून टाकतात. समीकरण होते क्ष² + १६ = २५, त्याचे अवकलन केले की टोकाचा वेग गायबच होतो. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्याय आहे. समीकरणात काळ कुठे लिहिलेलाच नसतो, त्यामुळे य वाहतो आहे हे दिसणार कसे? न्यूटनच्या शब्दांत विचारले तर प्रश्न सोपा होतो: यातले वाहते काय आणि थांबलेले काय? ५ थांबलेला आहे. क्ष आणि य वाहते आहेत.

शंकूच्या टाकीत हीच चूक जास्त लपून बसते. टाकी टोक खाली करून ठेवलेली, त्यात पाणी ठरावीक वेगाने पडते आहे, पातळी किती वेगाने चढेल? घनफळाच्या सूत्रात त्रिज्याही आहे आणि उंचीही. पातळी चढते तशी पृष्ठभागाची त्रिज्याही वाढते, वाहत नाही ते फक्त दोन्हींचे गुणोत्तर. म्हणून त्रिज्या आधी उंचीच्या रूपात लिहायची, मग अवकलन. त्याऐवजी त्या क्षणीची त्रिज्या स्थिर धरून पुढे गेले तर उत्तर बरोबर तिप्पट येते. टाकी कोणतीही घ्या, पाणी किती का खोल असेना, चूक तिपटीचीच. कारण खरे घनफळ उंचीच्या घनाप्रमाणे वाढते आणि त्रिज्या गोठवली की ते नुसत्या उंचीप्रमाणे वाढू लागते. ताळा करायलाही सोपे आहे: पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले पातळीचा वेग, हे पाणी पडण्याच्या वेगाइतके यायला हवे.

शिडीत आणखी एक गोष्ट उरते. क्षप + यफ = ० यावरून टोकाचा वेग क्ष भागिले य या प्रमाणात वाढतो. टोक जमिनीपासून १ सेंटिमीटरवर असेल तेव्हा तो सेकंदाला सुमारे ५०० मीटर निघतो, आणि जमिनीला टेकताना अमर्याद. खरी शिडी अशी पडत नाही. पाया त्याच वेगाने ओढत राहिलो तर टोक खाली पोचण्याआधीच भिंतीपासून सुटते, आणि तिथून पुढे क्ष² + य² = २५ हे समीकरण त्या शिडीला लागू राहत नाही.